परवाना कुणाला, पहारा कुणाला

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोग गावच्या सरपंचांचे 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण झाले आणि बेदम मारहाण करून त्यांना ठार मारण्यात आले. त्या खुनात बंदूक चालली नव्हती. तरीही पुढच्या काही आठवड्यांत महाराष्ट्रभर बोलले गेले ते बीड जिल्ह्यातल्या बंदुकांबद्दल. एका जिल्ह्यात 1,200 च्या वर शस्त्र परवाने, आणि शेजारच्या परभणीसाठी तेव्हा चर्चेत आलेला आकडा होता फक्त 32. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ, गुन्हे दाखल असलेल्यांच्या नावावरचे परवाने, हे सगळे एकेक करून बाहेर आले. प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले, आणि ते योग्यच केले.

त्याच दिवसांत एक दुसरे बोलणेही कानावर येऊ लागले. गावात, एसटीच्या बाकड्यावर, लग्नाच्या पंगतीत. गुंडांना परवाने मिळतात, मग आम्ही काय घोडे मारले? आम्हालाही द्या. आमचे आम्ही बघून घेतो. हे बोलणारी माणसे भांडखोर नाहीत. त्यांच्या बोलण्यामागे भीती आहे आणि ती भीती खरी आहे. पण मागणी चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यात परवाने सैल केले तर ते भिणाऱ्याच्या घरी जाणार नाहीत. आज ज्यांच्यामुळे भीती आहे, त्यांच्याच घरी आणखी जातील.

मागणीची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

परभणी, हिंगोली, नांदेडकडे कितीतरी कुटुंबे गाव सोडून शेतातल्या आखाड्यावर राहतात. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर गोठा, दोन बैल, चार शेळ्या, सोयाबीनची पोती आणि विहिरीवर मोटार. गाव दोन किलोमीटरवर, पोलीस ठाणे वीस-पंचवीसवर. रात्रीच्या पाळीत लाईट आली की घरचा कर्ता माणूस पाणी द्यायला जातो. घरात बायको, म्हातारी आणि लेकरे. हंगामात रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवतात, म्हणून जागलीला जायचे ते वेगळेच. अशा आखाड्यांवर दरोडे पडतात. पाच-सहा जण येतात, आधी कुत्र्याला मारतात, मग माणसांना बांधून घालतात आणि बाईच्या कानातले ओरबाडून नेतात. फाटलेले कान टाके घालून शिवावे लागतात. 112 ला फोन लागला तरी गाडी पोचेपर्यंत दरोडेखोर पुढचा तालुका गाठतात. ज्याच्या घरी हे घडले, त्याला ‘कायदा हातात घेऊ नका’ असे नुसते सांगणे हा त्याचा अपमान आहे.

कायदाही तसे सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेल, बलात्काराचा किंवा अपहरणाचा हल्ला असेल, दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क वापरायचा नाही. आखाड्यावर तो वेळ नसतोच. म्हणजे हक्क आहे, पण काठी आणि बॅटरी सोडून साधन नाही. मागणीचे मूळ इथे आहे.

दुसरे मूळ इतिहासात आहे. ‘रझाकारी’ हा शब्द आमच्याकडे अजून घराघरात बोलला जातो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. 1947-48 मध्ये निजामाचे राज्यच या टोळ्यांच्या पाठीशी होते. तेव्हा सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, तरुणांनी बंदुका मिळवल्या आणि 1948 मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याला ही सशस्त्र बाजूही होती आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. राज्यच अंगावर आले तर माणसाने काय करायचे, हा प्रश्न मराठवाड्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

पण तो इतिहास अर्धा सांगून चालत नाही. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय सैन्याची पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि लगेच पुढच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा मुसलमानांची गावोगाव कत्तल झाली, घरेदारे लुटली गेली. दिल्लीहून आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात गुलबर्गा आणि बिदरबरोबर उस्मानाबाद आणि नांदेड होते. किमान 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज समितीने दिला. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. एकाच मातीत, एकाच वर्षात हत्यार बचावासाठीही उचलले गेले आणि शेजाऱ्याचा गळा कापायलाही. आमच्या गावांत उद्या घरोघरी बंदुका आल्या तर त्या यांपैकी कुठल्या कामाला लागतील, याची हमी कुणी देऊ शकत नाही. मराठा-ओबीसी वादात गेल्या काही वर्षांत गावांची जी अवस्था झाली आहे, दुकानात कुणी कुणाकडून माल घ्यायचा यावरूनही जी फूट पडली आहे, ती पाहिल्यावर तर नाहीच.

ही चिंता नवी नाही. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने देशाला निःशस्त्र केले, त्यावर गांधीजींनीही 1918 मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात कडक शब्दांत टीका केली होती. 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. मग डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना आणली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. सरसकट शस्त्र बाळगण्याचा हक्क सगळ्यांना देता येणार नाही, गुन्हेगारांनाही तो द्यायचा का, असा त्यांचा सवाल होता. हैदराबाद संस्थानातल्या कत्तलींना तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गावगाड्यात कुणाच्या हाती काय असते, हे बाबासाहेबांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? सूचना फेटाळली गेली, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याने परवाना ही सरकारने पारखून द्यायची गोष्ट ठरवली.

खरी गोम या पारखण्यात आहे. परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जिवाला धोका असल्याचे दाखवावे लागते. कागदावर सगळे बरोबर आहे. आता हा अर्ज घेऊन कोण फिरू शकतो ते पाहा. मुकादमाच्या उचलीत अडकलेला ऊसतोड मजूर? गायरानावर दोन एकर कसणारा भूमिहीन, ज्याचे उभे पीक गावातल्या बड्या माणसाने जनावरे सोडून चारले? वाळूच्या हायवाविरुद्ध तक्रार करणारा मास्तर? यांच्या जिवाला धोका खरोखर असतो, पण पोलिसांचा अहवाल यांच्या बाजूने यावा म्हणून फोन करणारे कुणी नसते. साधे देशी बनावटीचे .32 चे पिस्तूल लाखाच्या घरात जाते. ज्याच्याकडे ते पैसे आहेत, वर फोन करणारा माणूस आहे आणि ‘धोका’ सिद्ध करायला स्वतःच अंगावर घेतलेली दुष्मनी आहे, त्याला परवाना मिळतो. मग तेच पिस्तूल वाढदिवसाच्या फोटोत दिसते. गोळी झाडावी लागत नाही. समोरच्याला ते दिसले की ग्रामसभेत प्रश्न विचारला जात नाही, टेंडर भरले जात नाही, साक्षीदार कोर्टात फिरतो.

आपल्या कायद्यात याच्या नेमके उलटे कलम पडून आहे आणि त्याची चर्चा होत नाही, याचा मला राग येतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याचे 1995 चे नियम काढून वाचा. नियम 3 म्हणतो की अत्याचाराची शक्यता असलेले भाग सरकारने आधीच ओळखावेत. तिथल्या इतर लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे आणि नोकरांचेसुद्धा शस्त्र परवाने गरज पडल्यास रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यावेत. बंदूक आधी बलवानाकडून काढून घ्यायची आणि गरज असेल तरच दुबळ्याला द्यायची, हा क्रम भारत सरकारने स्वतः लिहून ठेवला आहे. 1978 च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ती राख पाहिलेल्या प्रदेशात तरी हा नियम प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर उघडा असायला हवा.

या नियमाचा शेवटचा भाग, म्हणजे दुबळ्याला परवाना, मला मान्य आहे. पण त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. दहा घरांच्या वस्तीत दोन बंदुका आणि समोर तीनशे घरांचा गाव, हे गणित बंदुकीने सुटत नाही. शिवाय दुबळ्याच्या हातात बंदूक दिसली की कायदा त्याच्याकडे कसा पाहतो, याचा अनुभव अमेरिकेने दिलेला आहे. तिथे 1791 पासून घटनेतच शस्त्राचा हक्क आहे. 1967 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे कृष्णवर्णीय तरुण उघडपणे, कायद्याच्या चौकटीत, बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले. त्यांच्याच नावावरून पुढे 1972 मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. पँथर्स सशस्त्र असे थेट विधिमंडळाच्या इमारतीत गेले, आणि त्याच वर्षी भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, बंदुकीच्या हक्काचे पुढे मोठे पाठीराखे झालेले. 2016 मध्ये मिनेसोटात गाडी अडवलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने आपल्याकडे परवान्याचे पिस्तूल असल्याचे पोलिसाला आपणहून सांगितले आणि काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पोलीस निर्दोष सुटला. हक्क सगळ्यांना सारखा असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग विसरू नयेत.

बाहेरच्या देशांकडे बोट दाखवून वाद घालणारे दोन्ही बाजूंनी सोयीचा देश निवडतात. एक म्हणतो ऑस्ट्रेलिया: पोर्ट आर्थरला एप्रिल 1996 मध्ये 35 माणसे मारली गेली आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या 16 मुलांच्या हत्येनंतर पिस्तुलांवर बंदी आणली. न्यूझीलंडने ख्राइस्टचर्चनंतर महिन्याभरात कायदा बदलला. दुसरा म्हणतो स्वित्झर्लंड: पुष्कळ घरांत बंदुका, तरी खून नगण्य. खरे आहे. पण तिथे बंदुकीमागे लष्करी प्रशिक्षण आहे, नोंद आहे, आणि पोलिसाने आडनाव विचारून तक्रार घेतली नाही असे कुणाला सांगावे लागत नाही. बीडमध्ये 2025 मध्ये पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवावे लागले, एवढा लोकांचा विश्वास उडाला होता. आपण स्वित्झर्लंडशी स्वतःची तुलना करू नये.

आपण जमैका पाहावा. लोकसंख्या 28 लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण बीड जिल्ह्याएवढी. 1974 मध्ये त्यांनी बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी खास कोर्ट काढले, कडक शिक्षा ठेवल्या. तरी गेल्या दोन दशकांत बहुतेक वर्षी तिथे हजारावर खून झाले. 140 कोटींच्या भारतात 2022 मध्ये साडेअठ्ठावीस हजार खून नोंदले गेले, त्यावरून अंदाज यावा. जमैकात कायदा होता, मग अडले कुठे? तिथल्या पक्षांनी किंगस्टनच्या वस्त्यांत आपापले गुंड पोसले, मते त्यांनी आणायची आणि कामे, घरे, ठेके त्यांच्या हातून वाटायचे. 2010 मध्ये अशाच एका म्होरक्याला पकडायला सैन्य घुसवावे लागले आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. मत, ठेका आणि गुंड यांची अशी गाठ बसली की बंदुकीचा कायदा कितीही कडक असो, तो गुंडाला लागत नाही. हे वाचताना परळी, केज, अंबाजोगाईकडच्या वाचकाला काही परके वाटणार नाही. पवनचक्क्या, औष्णिक वीज केंद्राची राख, वाळू यांच्या पैशाभोवती आपल्याकडे काय उभे राहिले, ते त्याने पाहिलेले आहे.

म्हणून नुसत्या परवान्यांवर बोलून भागत नाही, हेही मी मान्य करतो. 2017 च्या स्मॉल आर्म्स सर्वेच्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे 7 कोटी 11 लाख बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदलेल्या 97 लाख. बाकी सगळ्या बेनोंद, त्यात गावठी कट्टेही आले. पेपरात रोज वाचतो: एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त, आरोपी वय वर्षे एकवीस. कट्टा मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून जळगावमार्गे आला असे तपासात निघते आणि तपास तिथेच थांबतो. आणणारा सापडतो, मागवणारा सापडत नाही. मागवणाऱ्यापर्यंत तपास नेला तर पाठीराख्यापर्यंत जावे लागेल, म्हणून तो नेला जात नाही.

आता आखाड्यावरच्या त्या माणसाकडे परत येऊ, कारण त्याला उत्तर देणे बाकी आहे. समजा त्याला परवाना मिळाला. बंदूक सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याची, म्हणून ती पेटीत कुलपाखाली. मध्यरात्री सहा जण दार तोडून आत येतात तेव्हा किल्ली शोधायला वेळ नसतो. आणि घरात बंदूक आहे हे पंचक्रोशीत ठाऊक असते, तेव्हा दरोडेखोर आधी तिच्यासाठीच येतात. मुंबईत ऑक्टोबर 2024 मध्ये एका माजी मंत्र्यांना पोलीस अंगरक्षक सोबत असताना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यात मारेकऱ्याने आपल्या अंगरक्षकाचे पिस्तूल वापरल्याचे तपासात पुढे आले. शिकलेल्या, तयार माणसाच्या कमरेचे हत्यार जिथे असे निरुपयोगी किंवा उलटे ठरते, तिथे दिवसभर कोळपणी करून झोपलेल्या माणसाने काय करावे?

आणि त्या घरात बंदुकीचा आणखी एक धोका आहे, त्याबद्दल मराठवाड्यात तरी दबक्या आवाजात बोलू नये. अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीने 48,830 माणसे मेली. त्यात निम्म्याहून जास्त, 26,328, आत्महत्या होत्या. खून त्याहून कमी. बचावासाठी आणलेली बंदूक तिथे सगळ्यांत जास्त वेळा घरच्याच माणसावर चालते. आपल्याकडे आठ जिल्ह्यांत अलीकडे वर्षाला हजाराच्या आसपास शेतकरी आत्महत्या करतात. हातात जे असते त्याने जीव जातो. श्रीलंकेने 1995 पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. कर्ज होतेच, दुःख होतेच. पण त्या एका वाईट रात्री हाताशी मारक वस्तू नव्हती, आणि रात्र गेली की बरीच माणसे जगली. ज्या घरात सावकाराचा तगादा आणि बँकेची नोटीस एकाच आठवड्यात येते, तिथे भरलेली बंदूक ठेवायला मी तरी सांगणार नाही. पीक रक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला सरकारने वनविभागाचे पथक, कुंपणाचे अनुदान आणि वेळेत नुकसानभरपाई द्यावी. दिवसा थ्री फेज लाईट दिली तरी निम्मी भीती कमी होईल, कारण मग रात्री घर सोडून रानात जावे लागणार नाही.

आखाड्यांचे काम ठाण्याने करायचे आहे. हद्दीतले सगळे आखाडे नकाशावर आणणे, हंगामात रात्रीची गस्त, 112 ची गाडी किती मिनिटांत पोचली याची तालुकावार आकडेवारी दर महिन्याला जाहीर करणे. साक्षीदाराला आणि तक्रारदाराला न मागता संरक्षण. यात अशक्य काही नाही. नेत्यांच्या बंगल्यांवर पहाऱ्याला पोलीस पुरतात, तर दोन दरोडे पडलेल्या शिवारालाही पुरले पाहिजेत.

परवान्यांबाबत मला एवढेच हवे आहे: प्रत्येक जिल्ह्याने परवान्यांची संख्या, गुन्हे दाखल असलेल्या धारकांची संख्या, नियम 3 खाली किती परवाने काढून घेतले आणि किती दिले, हे दरवर्षी छापावे. बीडमध्ये रद्द केलेल्यांपैकी किती अपिलात परत मिळाले, तेही. 2019 च्या दुरुस्तीने हर्षाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. व्हिडिओ समोर आला की परवाना त्याच दिवशी निलंबित व्हावा, आंदोलनाची वाट पाहू नये.

आणि पारखायची एक सोपी कसोटी प्रशासनाच्या हातात आधीच आहे. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घेतात. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला छाननी समिती सूट देते. बाकीचे हत्यार जमा करतात आणि गावातला सगळ्यांत तापलेला काळ त्याच्याविना काढतात. पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज येईल तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ती जमा केल्याची पावती फाईलला लावावी आणि अर्जदाराला समोर बसवून विचारावे की त्या दिवसांत तुमच्यावर कोणते संकट आले होते.